दुकान चालू आहे

कुकरची शिट्टी होईनाशी झाली, झाकणाच्या कडेने वाफ सुटू लागली, की घरातली बाई पूर्वी शेजारच्या दारात जाऊन विचारायची, "वहिनी, कुकर कुठं दुरुस्त करून मिळेल हो?" वहिनींच्या उत्तरात रस्त्याचे नाव क्वचितच असे. "मारुतीच्या देवळावरून डावीकडे वळा. पिठाच्या गिरणीसमोरच आहे. कुणालाही विचारा, कुकरवाले काका म्हणून." एवढ्या पत्त्यावर माणूस बरोबर जाऊन पोहोचत असे. चुकलाच, तर गिरणीवाला पिठाने माखलेला हात वर करून समोरचे दुकान दाखवीत असे.

ठाण्याच्या नौपाड्यातले हे कुकरवाले काका आता ७२ वर्षांचे आहेत. चाळीसएक वर्षे त्यांनी एकाच गाळ्यात काढली. भिंतीला खिळ्यांवर टांगलेल्या रबराच्या रिंगा, डब्यांतून वेगवेगळ्या शिट्ट्या आणि सेफ्टी व्हॉल्व्ह, कोपऱ्यात मिक्सरच्या भांड्यांची चळत, आणि बाहेर एक पत्र्याची पाटी : 'येथे प्रेशर कुकर, मिक्सर व गॅस शेगडी दुरुस्त करून मिळेल.' पाटीवर दुकानाचे नाव नव्हते. नाव लागते कशाला? ज्याला काम असेल तो येईलच, अशी काकांची समजूत होती, आणि चाळीस वर्षे ती समजूत खोटी ठरली नव्हती.

मग इमारत पुनर्विकासाला गेली. भाडेकरू पांगले. काकांनी दोन गल्ल्या पलीकडे एका बंगल्याच्या गॅरेजमध्ये सामान हलवले. जुन्या जागेभोवती पत्रे उभे राहिले, त्यावर काकांनी पुठ्ठ्याचा फलक बांधला : 'दुकान मागच्या गल्लीत हलवले आहे.' पहिल्याच पावसात फलकावरची अक्षरे ओघळून गेली. गिरणीवालाही दुसरीकडे गेला. जागेवर राहिला तो फक्त मारुती.

हळूहळू गिऱ्हाईक कमी होत गेले. दिवसाला पंधरा-वीस कुकर यायचे तिथे चार-पाच येऊ लागले. काकांनी स्वतःच त्याची कारणे शोधून काढली. आता लोक वस्तू दुरुस्त करीत नाहीत, टाकून देतात. नव्या मुली इंडक्शनवर भात करतात. घरी डबे येतात. यातले प्रत्येक कारण थोडेथोडे खरे होते, म्हणूनच त्यांना ते पटले. एका रात्री जेवताना ते सूनबाईंना म्हणाले, "या दिवाळीनंतर बंद करून टाकू म्हणतो. उगाच भाडं भरायचं आणि माश्या मारत बसायचं."

दोन दिवसांनी घोडबंदर रोडवरून एक तरुण मुलगी आईचा जुना कुकर पिशवीत घेऊन आली. घामाघूम झाली होती. "काका, तुम्ही सापडलात एकदाचे! फोनवर तर तुमचं दुकान कायमचं बंद झालंय असं येतंय. आई म्हणाली, जाऊन तर बघ. देवळातल्या गुरवांना विचारत विचारत आले."

काका हसले. "बंद? मग हे इथं बसलंय ते कोण?" कुकर दुरुस्त झाला, मुलगी पैसे देऊन गेली. पण त्या रात्री काका नीट जेवले नाहीत. सूनबाई एका पतपेढीत नोकरी करतात. त्यांनी फोन उघडून पाहिला. नकाशावर जुन्याच जागी एक खूण होती. कधीतरी कुण्या भल्या गिऱ्हाइकाने ती टाकली असावी. खुणेखाली लाल अक्षरांत दोन शब्द होते : कायमचे बंद.

"कुणी लिहिलं हे?" काकांनी विचारले. आवाजात राग होता. त्याहून जास्त दुखावल्याची भावना होती. चालत्याबोलत्या माणसाच्या नावाने कुणी श्राद्ध घातले तर वाटेल तशी.

खरे तर यात कुणाचा दुष्टपणा असण्याचे कारण नव्हते. कुणीतरी कुकर घेऊन आला असेल, पत्रे ठोकलेली इमारत पाहिली असेल आणि पुढच्याला हेलपाटा नको म्हणून 'बंद' असे कळवून टाकले असेल. असल्या नकाशांवर कुणालाही दुरुस्ती सुचवता येते. त्याने पाहिले ते खरेच होते, फक्त अर्धे होते. उरलेले अर्धे, म्हणजे दुकान मागच्या गल्लीत आहे ही गोष्ट, सांगणारे कुणी नव्हते. फोनला स्वतःहून काहीच ठाऊक नसते. त्याला कुणीतरी सांगावे लागते. काकांनी सांगितले नाही, म्हणून दुसऱ्याने सांगितले.

पत्ता सापडणे ही आपल्या देशात पहिल्यापासूनच अवघड बाब. एकाच नावाची गावे, एकाच नावाच्या आळ्या, क्रमांक नसलेली घरे. हा घोळ सोडवायला १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा आकड्यांचा पिन कोड सुरू झाला. त्यामागची बुद्धी श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाची. टपाल खात्यात मोठ्या हुद्द्यावर असलेले हे गृहस्थ संस्कृतचे नामांकित पंडित होते. त्या सहा आकड्यांनी पत्र बरोबर पोस्ट ऑफिसपर्यंत पोहोचू लागले, पण तिथून पुढे दारापर्यंतचे काम पोस्टमनच्या डोक्यातल्या माहितीवरच चालले.

दुकाने शोधण्याचेही तसेच. टेलिफोन असणाऱ्यांच्या घरी जाडजूड डिरेक्टरी असे आणि धंद्यांची वेगळी पिवळी पाने असत. त्यांत मोठ्या कंपन्या सापडत, कुकरवाले काका सापडत नसत. १९९६ मध्ये मुंबईत व्ही. एस. एस. मणी यांनी 'जस्ट डायल' सुरू केले. एक नंबर फिरवायचा, पलीकडच्या मुलीला काय हवे ते सांगायचे आणि ती त्या भागातल्या दुकानांचे नंबर द्यायची. शेजारच्या वहिनींचे काम पैसे न घेता करणारी ही टेलिफोनवरची वहिनीच म्हणायची. खर्च निघायचा तो यादीत वर येऊ इच्छिणाऱ्या दुकानदारांकडून. 'जवळपास काय आहे' हे सांगण्याचा धंदा होऊ शकतो, हे तेव्हा अनेकांच्या लक्षात आले.

त्याच सुमारास मोबाइल आला. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू कोलकात्याहून दिल्लीत दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी बोलले, तो देशातला पहिला मोबाइल कॉल. तेव्हा आलेल्या फोनचेही पैसे पडत, त्यामुळे तो श्रीमंतांच्या हातात राहिला. २००३ मध्ये येणारे फोन फुकट झाले, मोबाइल घरोघर पोहोचला आणि त्याच्यामागोमाग जाहिरातीही पोहोचल्या. आधी एसएमएसचा भडिमार झाला. प्लॉट घ्या, कर्ज घ्या, वजन कमी करा. लोक इतके कंटाळले, की ट्रायला २००७ मध्ये नको असलेल्या जाहिराती थांबवण्यासाठी नोंदणीची सोय करावी लागली. मग कंपन्यांनी आपल्या लोकांची मिस्ड कॉलची सवय हेरली. तुम्ही मिस्ड कॉल द्या, माहिती आम्ही पाठवतो. या कल्पनेवर बंगळूरमध्ये २०१० साली सुरू झालेली 'झिपडायल' ही कंपनी २०१५ मध्ये अमेरिकेतल्या ट्विटरने विकत घेतली.

पण या सगळ्या जाहिराती हाक मारणाऱ्या होत्या. तुम्ही आमटीला फोडणी देत असा नाहीतर मुलाचा अभ्यास घेत असा, त्या हाक मारणारच. खरा बदल झाला तो, जेव्हा हाक मारायचे काम गिऱ्हाइकाकडे गेले तेव्हा. गूगलचे नकाशे २००५ मध्ये अमेरिकेत सुरू झाले. इथे १९९५ पासूनच दिल्लीचे राकेश आणि रश्मी वर्मा हे दांपत्य भारताचे संगणकावरचे नकाशे तयार करण्याच्या कामाला लागले होते. त्यातूनच 'मॅपमायइंडिया' उभी राहिली. पुढे सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, इंटरनेट कमालीचे स्वस्त झाले आणि भाजीवाल्याच्या हातातही नकाशा आला. २०१७ मध्ये गूगलला मराठीत बोलून विचारण्याची सोय झाली. आता इंग्रजी लिहिता न येणारी आजीसुद्धा फोन तोंडाजवळ धरून विचारते, "जवळ कुकर दुरुस्ती कुठे आहे?" प्रश्न तोच, सूरही तोच. फक्त समोर वहिनी नाही.

गमतीची गोष्ट अशी, की नकाशालाही अखेर वहिनींची भाषा शिकावी लागली. 'ईशान्येकडे तीनशे मीटर जा' हे आपल्याकडे कुणाला उमगत नाही. लोक देऊळ, पेट्रोल पंप, शाळा यांच्या खुणेने चालतात, हे ध्यानात घेऊन गूगलने डिसेंबर २००९ मध्ये भारतातल्या नकाशात रस्ता सांगताना अशा खुणा द्यायला सुरुवात केली. मारुती तेव्हापासून नकाशातही कामाला लागला आहे.

त्या रविवारी सूनबाई दुपारची झोप सोडून बसल्या. अशा सेवांवर दुकानाची नोंद करायला पैसे पडत नाहीत. गूगलवर ही सोय २०१४ पासून 'गूगल माय बिझनेस' या नावाने होती, २०२१ पासून तिला 'गूगल बिझनेस प्रोफाइल' म्हणतात. पहिलाच प्रश्न आला : दुकानाचे नाव?

काका विचारात पडले. "नाव कुठं आहे आपल्याला?"

"लोक काय म्हणतात बाबा तुम्हाला?"

"कुकरवाले काका."

"मग तेच."

"असं कुठं नाव असतं का, अगं!"

पण नियम असा, की पाटीवर आणि लोकांच्या तोंडी जे नाव असते तेच लिहावे. 'ठाण्यातील सर्वांत स्वस्त व उत्तम कुकर मिक्सर शेगडी दुरुस्ती' असले शेपूट नावाला जोडू नये. जोडले तर नोंद रद्द होऊ शकते. म्हणून आधी पाटी रंगवून आणली. पाटीवर मोठ्या अक्षरात 'कुकरवाले काका' आले आणि जुनी ओळ खाली गेली. मग प्रकार, वेळ, दुपारी एक ते चार बंद, सोमवारी सुट्टी, फोन नंबर. नकाशावरची खूण बोटाने ओढून बंगल्याच्या फाटकावर नेऊन ठेवली. दुकान खरोखर आहे आणि आपलेच आहे हे पटवण्यासाठी गल्ली, पाटी आणि आत काम करणारे काका यांची एक छोटी चित्रफीत काढून पाठवावी लागली. काकांनी त्यासाठी इस्त्रीचा शर्ट घातला. पाच-सहा दिवसांनी लाल अक्षरे गेली.

त्यानंतर पंधरवड्याच्या आत फोन सुरू झाले, ते मात्र गिऱ्हाइकांचे नव्हते. "सर, तुमचं दुकान पहिल्या नंबरवर आणून देतो. वर्षाचे फक्त अमुक हजार." एक जण तर कंपनीचाच माणूस असल्यासारखा बोलत होता. पैसे भरले नाहीत तर नोंद काढून टाकू, अशी धमकीही त्याने दिली. काका घाबरले. चाळीस वर्षांत त्यांनी महापालिकेची नोटीससुद्धा कधी चुकवली नव्हती.

अशा वेळी दुकानदाराने एवढे लक्षात ठेवावे, की नकाशावरच्या यादीत पैसे भरून वरचा क्रमांक मिळत नाही, असे गूगल स्वतःच जाहीरपणे सांगते. यादी लावताना ते तीन गोष्टी पाहते : विचारलेल्या कामाशी दुकानाचा संबंध किती, विचारणाऱ्यापासून अंतर किती, आणि दुकानाचे नाव किती लोकांना माहीत आहे, लोक त्याविषयी काय म्हणतात. म्हणूनच एकच प्रश्न ठाणे स्टेशनवर उभ्या माणसाने विचारला तर एक यादी येते आणि घोडबंदर रोडवरून विचारला तर दुसरी. सगळ्यांसाठी एकच 'पहिला नंबर' अशी चीजच नसते. पैसे भरून जाहिरात जरूर देता येते, पण तिच्यावर ती जाहिरात असल्याचे लिहिलेले असते. जाणकाराला फी देऊन नोंदी नीट करून घेण्यातही काही गैर नाही. मात्र पहिल्या क्रमांकाची हमी देणारा आणि धमकावणारा, या दोघांचाही फोन ठेवून द्यावा.

दुसरा पेच आला अभिप्रायांचा. काकांच्या नावापुढे एकही चांदणी नव्हती. समोरच्या रस्त्यावरच्या एका नव्या दुकानाला दोनशेच्या वर. काकांचा भाचा हुशार. तो म्हणाला, "मामा, त्यात काय! माझ्या ऑफिसातल्या वीस-पंचवीस जणांना सांगतो. घरबसल्या लिहितील. सगळे असंच करतात."

काका हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवून म्हणाले, "ज्यांचा कुकर माझ्या हाताखालून गेला नाही, त्यांनी काय लिहायचं? झाकण न बघताच रिंग बसवण्यासारखं आहे ते."

भाच्याला हा अडाणीपणा वाटला, पण काका चुकले नव्हते. खोट्या अभिप्रायांचा सुळसुळाट इतका झाला, की केंद्र सरकारच्या ग्राहक विभागाने नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्युरोमार्फत ऑनलाइन अभिप्रायांसाठी एक मानकच जाहीर केले. अभिप्राय विकत घेऊ नयेत, लिहिणारा खरा आहे याची खात्री करावी, असे त्यात सांगितले आहे. ते पाळणे ऐच्छिक ठेवले गेले. पण त्याची गरज भासावी, यातच सगळे आले. सवलतीचे आमिष दाखवून अभिप्राय लिहून घेणेही गूगलच्या नियमात बसत नाही. बोलणाऱ्याची माती खपते, असे आपल्याकडे म्हणतात. पण माती घरी नेल्यावर ती माती आहे हे कळतेच, आणि मग गिऱ्हाईकही बोलू लागते.

सूनबाईंनी मधला मार्ग काढला. काम संपवून पैसे घेताना काकांनी फक्त एवढे म्हणायचे, "जमलं तर फोनवर दोन ओळी लिहा. जे वाटलं ते लिहा." काकांना पहिल्यांदा हे मागणे जड गेले. चाळीस वर्षांत त्यांनी कौतुक कधी मागून घेतले नव्हते. ते आपोआप होत असे. लोक जिन्यात, नळावर, हळदीकुंकवाला एकमेकींना सांगत. आता जिन्याऐवजी लिफ्ट आहे, लिफ्टमध्ये प्रत्येकाची मान फोनमध्ये खाली घातलेली आहे. मग जे बोलणे जिन्यात होत होते ते फोनमध्ये गेले, तर त्यात नवल काय?

इथे गिऱ्हाइकाचीही एक जबाबदारी आहे. आपली तक्रार असली की आपण तावातावाने लिहितो, आणि काम चोख झाले की पैसे देऊन विसरून जातो. मोठ्या कंपनीला त्याने फरक पडत नाही. जाहिरातीला तिच्याकडे पैसा असतो. पण गल्लीतला शिंपी, सायकलवाला, पिको-फॉल करणारी बाई, घड्याळ दुरुस्त करणारे म्हातारे गृहस्थ यांच्यासाठी एका खऱ्या माणसाच्या दोन खऱ्या ओळी म्हणजे दुकानाबाहेर लागलेला दिवाच. 'कुकरची रिंग बदलली, झाकण सरळ केले, दहा मिनिटे लागली' एवढे लिहायला बसथांब्यावरचा वेळ पुरतो.

आणि गिऱ्हाइकाने सावधही राहायला हवे. फोनवर सापडलेला नंबर खराच असेल असे नाही. २०१८ मध्ये महाराष्ट्राच्या सायबर पोलिसांकडे अशा तक्रारी आल्या होत्या, की बँकेच्या शाखांपुढचे फोन नंबर नकाशावर कुणी तरी बदलून टाकले. लोक बँक समजून भामट्यांशी बोलले आणि कार्डाची माहिती देऊन बसले. मिक्सर बिघडला की आपण घाईघाईने कंपनीच्या ग्राहक सेवेचा नंबर शोधतो, तिथेही हीच भीती. तेव्हा कंपनीचा नंबर वस्तूच्या खोक्यावरून किंवा हमीपत्रावरून घ्यावा. दुरुस्तीच्या आधी 'नोंदणीचे दहा रुपये' म्हणून कुणी लिंक पाठवली तर ती उघडू नये. ओटीपी तर कुणालाच सांगू नये. फसवणूक झालीच, तर १९३० या नंबरवर लगेच कळवावे.

काकांची बातमी पतपेढीत पोहोचली तेव्हा सूनबाईंच्या मैत्रिणी एकेक शंका घेऊन आल्या. एक घरून पुरणपोळ्या आणि मोदकांच्या ऑर्डरी घेते. "घराचा पत्ता सगळ्या जगाला दाखवायचा? आमचे हे तयार होणार नाहीत." तिची भीती रास्त होती. पण घरगुती व्यवसायाला पत्ता झाकून ठेवून फक्त कोणत्या भागात माल पोहोचवतो एवढेच दाखवता येते. घरच्या नंबरऐवजी धंद्यासाठी वेगळा नंबर ठेवता येतो. २०१८ पासून व्हॉट्सअॅपची धंद्यासाठी वेगळी सोय आहे. तिच्यात पदार्थांची यादी आणि भाव टाकून ठेवता येतात. दुसरीने विचारले, "एकदा नोंद केली की झालं ना?" नाही. गणपतीत वेळ बदलली, नंबर बदलला, सुट्टी घेतली, की तिथेही बदल करायला हवा. उन्हातून आलेल्या माणसाला कुलूप दिसले, तर तो त्या दुकानाचे नाव पुन्हा घेत नाही.

आता आणखी एक वळण आले आहे. २०२४ पासून भारतातही गूगल अनेक प्रश्नांना यंत्राने रचलेले तयार उत्तर सर्वांत वर देऊ लागले आहे. लोकही यादी चाळण्याऐवजी यंत्रालाच विचारू लागले आहेत, 'यातलं चांगलं कुठलं?' दहा नावांच्या यादीत सातवे असलेले दुकानही निदान नजरेला पडत असे. तयार उत्तरात दोन-तीनच नावे मावतात. यंत्र ती कुठून घेते? लोकांनी आधी जे लिहून ठेवले त्यातून. म्हणजे पुन्हा तेच. ज्याच्याविषयी कुणीच काही बोलले नाही, त्याच्याविषयी यंत्रही गप्प बसते. गल्लीबोळांतली कितीतरी कसबी माणसे अशा मौनात हरवून जातील, आणि मग 'हल्ली असे कारागीर राहिले नाहीत हो' असे आपणच म्हणू.

काकांची दिवाळी बरी गेली. पूर्वीइतके कुकर आता येत नाहीत. काकांनी शोधलेली कारणे थोडीथोडी खरी होतीच. पण दिवसाला दहा-बारा येतात, आणि गंमत म्हणजे त्यांतले पुष्कळसे आणतात ती तरुण मुले. आजीचा, आईचा कुकर टाकवत नाही म्हणून घेऊन येतात. इतकी वर्षे अशी माणसे होतीच. दार कुठे आहे ते मात्र त्यांना कळत नव्हते. दुकान बंद करण्याची गोष्ट काकांनी पुन्हा काढलेली नाही.

मागच्या महिन्यात पहिला टोचणारा अभिप्राय आला. तीनच चांदण्या, आणि खाली : 'काम चांगले, पण तीन फेऱ्या माराव्या लागल्या.' भाचा म्हणाला, "तक्रार करून काढून टाकू." काकांनी सूनबाईंना जवळ बोलावले. "लिही. बाईंचं बरोबर आहे. त्या मापाची रिंग आली नव्हती. यापुढे सामान आल्यावर मीच फोन करीन, तेव्हाच यायचं." सूनबाईंनी तसेच्या तसे लिहिले. काकांनी चष्मा लावून ते दोनदा वाचले.

मग उठता उठता म्हणाले, "अगं, त्या गिरणीवाल्याचं काय झालं बघ ना. फोनवर अजून त्याची गिरणी आपल्या जुन्या इमारतीसमोरच दाखवतात. बायका दळणाचे डबे घेऊन उन्हात फिरतात. काल दोघी जणी माझ्याकडेच विचारत आल्या. मी हात करून दाखवला त्यांना, पण मी कुणाकुणाला दाखवणार?"

त्या रविवारी सूनबाई काकांबरोबर गिरणीत गेल्या. गिरणीवाला पिठाचे हात झटकत बाहेर आला. पहिलाच प्रश्न आला : दुकानाचे नाव?